कोकोतली गोळी

चमच्याच्या पाठीखाली गोळी टचकन फुटली. सुलियानं ती बारीक केली, बशीच्या कडेला चिकटलेली भुकटी बोटानं निपटून घेतली आणि वाफाळत्या कोकोच्या मगात टाकली. वर चार चमचे साखर. कोकोचं एक बरं असतं. भाजून कुटलेल्या बियांचा चोथा तळाशी राहतोच. शेवटच्या घोटात काही खरखरलं, कडवट लागलं, तर कुणी कारण विचारत नाही.

मग तिनं खडूच्या डब्यातून छोटी वही काढली आणि लिहिलं: मंगळवार, सकाळी साडेसहा, एक.

ती बेटावरच्या त्या गावच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. जे केलं ते लिहून ठेवायचं ही तिची सवय होती. मग ते चोरून केलेलं का असेना.

स्वयंपाकाची खोप घराच्या मागे, केळीच्या आडोशाला होती. तिला तीन बाजूंनी पत्रे होते. पुढच्या मोठ्या घराला नुसते खांब आणि वर छप्पर. तिथे कुणी शिंकलं तर रस्त्यापलीकडच्या घरातून 'औक्षवंत हो' असं ऐकू यायचं. लग्न होऊन नवऱ्याच्या गावात आलेल्या सुनेला काही लपवायचं असेल, तर ते ह्या तीन पत्र्यांच्या आतच.

"सुलिया! कोको आणतेस की मी मरू?" पुढून फिलेमोनीची हाक आली.

"मरणारी माणसं कोको मागत नाहीत, देवाचं नाव घेतात," सिएनी म्हणाली. ती फिलेमोनीची थोरली बहीण. खांबाकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून ती चटई विणत बसली होती. भावाच्या उघड्या अंगाकडे बहिणीनं बघायचं नसतं, म्हणून गेले तीन दिवस ती अशीच बसत होती. तोंड फिरवलं होतं, जीभ नव्हे.

फिलेमोनी पोटावर पडला होता. बेचाळीस वर्षांचा गडी, खांदे दरवाजाएवढे; पण आज सकाळी लावालावाची, कमरेला गुंडाळायच्या कापडाची, गाठ सुलियानं बांधून दिली होती, लहान पोराची बांधावी तशी. गावाच्या लांब होडीत पंचेचाळीस माणसं बसत. सगळ्यांत पुढच्या जोडीतला उजवा तो. त्याचं वल्हं जसं पाण्यात पडेल तशी मागची सगळी पडायची. शनिवारी सराव संपल्यावर होडी वाळूवर ओढताना त्याच्या कमरेत काहीतरी धरलं, ते सुटलंच नव्हतं. स्वातंत्र्यदिनाची शर्यत अकरा दिवसांवर आली होती.

सोमवारी सुलियानं हट्टानं त्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, पाय उचलून पाहिला. "कुणाकडून चोळून घेतलंत का?" त्यांनी विचारलं.

"छे," फिलेमोनी म्हणाला. त्याची आई फुआतिनो म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली अंग चोळणारी बाई, आणि दवाखान्यात तिचं नाव काढलं की ओरडा बसतो हे सगळ्यांना माहीत होतं. रविवारची उपासना आटोपल्यावर तिनं त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवला होता. त्याला चोळणं म्हणत नाहीत, असं त्यानं बाहेर आल्यावर बायकोला समजावलं.

औषधाच्या खिडकीशी ओफिरा होती. नर्स, सुलियाच्या माहेरच्या गावची, शाळेत एका बाकावर बसलेली. "स्नायू सैल पडायच्या गोळ्या आहेत," ती म्हणाली. "दिवसातून तीन. झोप येईल, चक्कर येईल. गाडी चालवायची नाही, होडीत बसायचं नाही, बिअरला हात लावायचा नाही. उठताना हळू उठायचं. कळलं का हो भाऊजी?" पाकिटावर तिनं हेच लिहूनही दिलं. चोळण्याबद्दल पाकिटावर काही नव्हतं. ओफिरानं विचारलं नाही, सुलिया बोलली नाही.

रस्त्यावर आल्यावर फिलेमोनीनं पाकीट तिच्या हातात कोंबलं. "समुद्रात टाक."

"अरे पण..."

"आईचा हात घ्यायचा तर हे पोटात चालत नाही. लहानपणापासून ऐकतोय. दोन औषधं एका अंगात भांडतात."

"औषधं काय सवती आहेत भांडायला?"

"तू तुझ्या आठवीच्या पोरांना शिकव," तो म्हणाला आणि कमरेवर हात ठेवून वाकडा-वाकडा चालू लागला.

तिनं पाकीट समुद्रात टाकलं नाही. खडूच्या डब्यात ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पहिलं चोळणं झालं. फुआतिनोनं प्रार्थना केली, उन्हात ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली तळव्यावर ओतली आणि हात लावण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारला. "दवाखान्याचं काही पोटात आहे?"

"नाही, आई."

हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. 'आहे' म्हटलं तर तेलाला बूच लावायची आणि म्हणायची, ते संपव आणि चार दिवसांनी ये. आजवर किती जण 'आहे' म्हणाले असतील? सुलियाला तरी एकही आठवत नव्हता.

मग फुआतिनोचे अंगठे कमरेत उतरले आणि फिलेमोनी असा किंचाळला की आंब्यावरचे पक्षी उडाले. "आई गं! जन्म दिलास तो परत घेतेस का?"

"घेतला असता, पण ठेवू कुठे?" फुआतिनो म्हणाली. रस्त्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "फुआतिनो, डुक्कर मारताय का?" सगळे हसले. सुलियाही हसली. तो ओरडला की फुआतिनोचे अंगठे तिथल्या तिथे थांबत, जरा मागे येत, दुसऱ्या वाटेनं जात. पाऊण तास असंच चाललं. ओरडणं, थांबणं, वाट बदलणं.

पण रात्रभर तो कण्हत राहिला. कुशीवर वळायला त्याला सुलियाचा खांदा लागत होता. आणि पहाटे तिनं ठरवलं. औषध रक्तात जातं, स्नायूत जातं. सासूबाईंच्या श्रद्धेचा त्याला पत्ता नसतो. सात-आठ वर्षं मुलांना शिकवलेलं होतं ते. त्याला बरं वाटेल, आईच्या हाताला यश येईल, शर्यतही मिळेल. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर दुसरी गोळी गेली. संध्याकाळी त्याचा चेहरा निवळलेला दिसला. फुआतिनोनं प्रश्न विचारला, तो "नाही" म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. खोटं सुलियाच्या हातात होतं, तेलाच्या बाटलीसकट. ती नवऱ्याच्या पायांशी बसून माश्या वारत होती.

"वा," फुआतिनो थोड्या वेळानं म्हणाली. "सुटलं की बरंच."

त्या दिवशी तो दोनदाच ओरडला, तेही उशिरा, कुणी झोपेत कूस बदलताना बोलावं तसं. उठताना खांबाला धरून उभा राहिला, डोळे मिटून.

"काय झालं?" सुलियानं विचारलं.

"काही नाही. हलकं वाटतंय. आईच्या हातात जादू आहे बाई."

सिएनी खांबाला म्हणाली, "आज कोंबडा आरवला नाही. आमची करमणूक बुडाली."

रात्रीच्या जेवणानंतर तिसरी. वहीत नोंद झाली: झोप शांत. कण्हणं नाही. त्या ओळीखाली तिनं रेघ मारली. प्रयोग जमला की मुलांच्या वहीत मारायची तशी.

बुधवारी सकाळी त्याला आंघोळ घालताना तिला कमरेच्या डाव्या अंगाला निळसर डाग दिसले. तीन, अंगठ्याएवढे. तिनं एकावर बोट ठेवलं. "दुखतं?"

"नाही."

"जोरात दाबलं तरी?"

"नाही म्हटलं ना. सुलिया, मी आज सरावाला जाऊन नुसता बसेन म्हणतो."

ती डाग बघत राहिली. एवढा डाग पडायला किती जोर लागतो? आणि तेवढा जोर लागताना हा माणूस गप्प कसा राहिला? प्रश्न तिला नीट पडला होता. उत्तरही त्याच्या शेजारीच उभं होतं, पण ते ऐकायचं तर तीन पत्र्यांच्या आतली गोष्ट खांबांच्या घरात आणावी लागली असती. शाळेची घंटा वाजली. तिनं साडेसहाची गोळी दिलीच होती. दोनची पण दिली.

संध्याकाळी फुआतिनोनं प्रश्न विचारला, 'नाही' ऐकून तेल लावलं, हात फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला.

"आज तुझी पाठ माझ्याशी बोलत नाही रे."

"बरी झालीय म्हणून गप्प आहे," फिलेमोनी चटईत तोंड खुपसून म्हणाला. शब्द जडावले होते.

"वरचं गप्प आहे. खाली गाठ आहे. लागते बघ हाताला." तिनं अंगठे खोल नेले. तो हूं की चूं करेना. आणखी खोल नेले. मग ती गुडघ्यांवर उठली आणि कोपर लावलं. कोपर ती क्वचितच लावायची, लाकूडतोड्यांना, डोकीवरून तारोच्या कंदांच्या पाट्या वाहणाऱ्या गड्यांना. अंगाचा भार ती हळूहळू कोपरावर सोडत होती आणि वाट बघत होती, तो ओरडेल, मग थांबू.

सुलियाचं माश्या वारणं थांबलं. नवऱ्याचे तळपाय तिच्यासमोर होते. सोमवारी हेच पाय प्रत्येक दाबाला आखडत होते, बोटं चटईत रुतत होती. आता ते पाण्यातल्या शेवाळासारखे सैल पडले होते.

बोल, ती स्वतःला म्हणाली. नुसतं म्हण, आई, थांबा.

पण मग त्यापुढचं वाक्य आलं असतं. सिएनी पाठ फिरवून बसली होती, तिचे कान नव्हे. उद्या विहिरीवर, परवा चर्चच्या पायरीवर: सुनेनं नवऱ्याला कोकोतून औषध पाजलं. आणि फिलेमोनी? तो आईला तीनदा 'नाही' म्हणाला होता. त्याला तिनं खोटं पाडलं होतं. थोडा वेळच राहिलाय, तिला वाटलं. झालंच आता. उद्यापासून नाही देणार.

काहीतरी वाजलं. मोठा आवाज नव्हता. बोट मोडल्यासारखा, पण आतून. फुआतिनोचं कोपर तिथेच गोठलं.

"फिलेमोनी?"

"हं... बरं वाटतंय आई..."

तिनं हात काढून घेतले, पुसले नाहीत. "ऊठ बघू. हळू."

तो उठला. दोन पावलं चालला. दगडी चौथऱ्याच्या कडेशी उजवं पाऊल चपलेसारखं फटकन पडलं, बोटं खाली लोंबली, अडकली, आणि तो पायरीवरून सरळ अंगणात कोसळला.

"आता बिअरपण सुरू केलीस का रे?" सिएनी न वळता हसत म्हणाली. कुणी हसलं नाही तेव्हा तिनं मान वळवली, आणि जन्मात पहिल्यांदा भावाच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. "अगं बाई," एवढंच तिच्या तोंडून आलं.

तिघींनी मिळून त्याला चटईवर घेतलं. कपाळ खरचटलं होतं, तेवढं रक्त. फुआतिनो त्याच्या पायांशी बसली. "अंगठा वर कर."

डाव्या पायाचा अंगठा उठला.

"उजवा."

"केला की."

फिलेमोनीनं मान उचलून आपल्या पायाकडे पाहिलं. अंगठा होता तिथेच होता. "केला की," तो पुन्हा म्हणाला, पण आता तो विचारत होता.

"सिएनी, रस्त्यापलीकडच्यांची गाडी सांग," फुआतिनो म्हणाली. "दवाखान्यात न्यायचंय." सिएनीनं चौथऱ्यावरूनच हाक मारली, पलीकडून "किल्ली शोधतोय!" असं उत्तर आलं. "तोवर बसा. दोघीही."

उपचार वाकडा गेला की बसायचं ही त्या गावची जुनी रीत. घरातल्या कुणाच्या पोटात राग, चोरी, न बोललेलं काही अडकलं असेल, तर ते चटईवर ठेवायचं. त्याशिवाय दुखणं वाट सोडत नाही. सुलिया ह्या रितीला मनात हसत आली होती. वर्गात एकदा उघडसुद्धा हसली होती.

"आधी मी," फुआतिनो म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हात तेवढे मांडीवर उताणे पडले होते. "आज सकाळी चर्चच्या फुलांवरून पाळकीणबाईंशी भांडले. मनात शिवी दिली. तोच हात पोराला लावला. माझा दोष."

सिएनी चटईकडे बघत म्हणाली, "मामानं न्यूझीलंडहून पाठवलेले मटणाचे डबे... दोन होते सांगितलं. तीन होते. एक मी खाल्ला. एकटीनं." तिला रडू फुटलं. "पण एवढ्यासाठी देव माझ्या भावाचा पाय नेईल का गं आई?"

मग दोघी सुलियाकडे बघायला लागल्या. फिलेमोनीही. त्याच्या नजरेत संशय नव्हता. तो फक्त आपली पाळी आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होता, आणि तेच तिला सोसेना.

ती उठली. खोपीत गेली, खडूचा डबा आणला आणि सासूच्या समोर चटईवर ठेवला. झाकण काढलं.

"कोकोतून," ती म्हणाली. "काल सकाळपासून. पाच."

फुआतिनोनं पाकीट उचललं, वास घेतला. "कसली?"

"स्नायू सैल पडायची."

"म्हणजे दुखणं झोपवणारी."

"दुखणं नाही, ते आखडलेले..." सुलिया थांबली. फरक समजावून सांगण्यासारखा होता. पण निळे डाग पडले आणि तो ओरडला नाही, हेही तेवढंच खरं होतं.

"माझी आई," फुआतिनो म्हणाली, "महायुद्धाच्या वर्षात वीस वर्षांची होती. अमेरिकनांच्या छावणीवर मजुरीला जाणारा एक बाप्या तिच्याकडे आला. खांदा उतरला होता त्याचा. छावणीतल्या डॉक्टरनं सुई टोचली होती, ते तो बोलला नाही. आईनं दाबलं. तो हसत होता. ती दाबत गेली, तो हसत राहिला. दुसऱ्या दिवशी कळलं, दोन बरगड्या गेल्या." तिनं पाकीट परत डब्यात ठेवलं, अगदी हळू. "तेव्हापासून हा प्रश्न आहे. माझ्या हाताला डोळे नाहीत, पोरी. समोरचा ओरडतो तेव्हा मला दिसतं. तू मला आंधळं केलंस आणि बाटली धरून बसलीस."

"मग तुम्ही असं का नाही सांगितलंत?" सुलियाचा आवाज चिरकला. "औषधं भांडतात असं सांगत आलात सगळ्यांना. भांडतात म्हणे! मला वाटलं..."

"तुला वाटलं म्हातारी खुळी आहे."

सुलियानं डब्याचं झाकण लावलं.

"भांडतात म्हटलं की लोक पटकन ऐकतात," फुआतिनो म्हणाली. "माझ्या आईनंही तसंच सांगितलं होतं सगळ्यांना. बरगड्यांची गोष्ट सांगायची तिला लाज वाटायची. मलाही वाटली." ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

गाडी आली. फिलेमोनीला मागे आडवं घातलं तेव्हा तो एकच वाक्य बोलला, आणि ते बायकोशी नव्हतं. "आई, मी खोटं नाही बोललो गं."

दवाखान्यात तेच तरुण डॉक्टर होते. त्यांनी पायाला टाचणी लावून पाहिली, अंगठा दाबून धरला, वर करायला सांगितला. मग तोच प्रश्न विचारला, आणि आता खरं उत्तर मिळालं. सुलियानं वही पुढे केली. वेळा, गोळ्या, चोळणं कधी, किती वेळ. डॉक्टर पानं उलटत राहिले. "इतकं नीट कुणी सांगत नाही मला," ते म्हणाले, आणि ते कौतुक ऐकताना तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मणक्यांमधली गादी सरकलेली असणार," ते म्हणाले. "पाठ कडक झाली होती ती त्या गादीला सांभाळायला. फांदी मोडू नये म्हणून आपण फडकं घट्ट बांधतो ना, तसं. गोळीनं ते फडकं सैल केलं. नुसती गोळी आणि विश्रांती असती तर बहुतेक चाललं असतं. नुसतं हलकं चोळणंही चाललं असतं. पण सैल पाठीवर कोपर..."

"म्हणजे त्यामुळेच झालं?" सुलियानं विचारलं.

"सांगता येणार नाही. कदाचित ती तशीही सरकली असती. होडी ओढतानाच अर्धी सरकली असेल."

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कारण कोणतं ते सांगता येत नाही. फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून, ती हेच शिकवायची. आता ती जन्मभर दोन्हींपैकी एकीवर बोट ठेवू शकणार नव्हती.

फुआतिनो दाराशी उभी होती, तेलकट हात लावालावाच्या गाठीत लपवून. "डॉक्टर, तुम्ही मला का नाही विचारलंत?"

"मी पेशंटला विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

"तुम्ही ओरडता म्हणून नाही म्हणतात."

"आणि तुम्ही परत पाठवता म्हणून तुम्हाला नाही म्हणतात," ओफिरा सुईचा ट्रे घेऊन जाता-जाता म्हणाली. तिला बोलायचं नसावं. बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. डॉक्टर काही तरी लिहू लागले. फुआतिनो खाली बसली, दाराच्या उंबऱ्यातच.

राजधानीच्या दवाखान्यात आठवडा गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे वाट बघू, नस दबली आहे, तुटलेली नाही, पायात जोर परत येईलही. 'ही'वर त्यांनी जोर दिला नाही. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर न्यूझीलंडला जावं लागेल. फिलेमोनीला परत आणून त्याच चटईवर ठेवलं, पावलाला खालून टेकू देणारी पट्टी बांधून. सुलियाच्या वहीत आता रोज एकच ओळ असे. अंगठा: नाही. अंगठा: नाही. अंगठा: नाही.

तो तिच्याशी बोलत नव्हता असं नाही. "पाणी दे" म्हणायचा, "उशी सरकव" म्हणायचा. पण घरात भाताबरोबर, कालवणाबरोबर जे काही त्याच्यापुढे येई, त्याचा पहिला घास तो जिभेवर धरून ठेवायचा. थोडा वेळ. मग गिळायचा. हे त्याच्या लक्षात येत होतं की नाही, तिला माहीत नव्हतं. कोको मात्र त्यानं सोडलाच होता. "नको," म्हणायचा. "तहान नाही."

शर्यतीच्या सकाळी सगळं गाव ट्रक भरभरून राजधानीला गेलं. सिएनीसुद्धा गेली, भावाची वल्हेकऱ्याची लाल बंडी अंगावर चढवून. फुआतिनो गेली नाही. तिच्याकडे शेजारच्या गावची एक बाई मान आखडली म्हणून आली होती. घराच्या दुसऱ्या टोकाला फुआतिनोनं प्रार्थना केली, तेल तळव्यावर घेतलं आणि म्हणाली, "दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत?"

"नाही हो," बाई पटकन म्हणाली.

"मी परत पाठवणार नाही. ओरडणारही नाही. चालू असतील तर मी वरवर हात फिरवीन, एवढंच. माझ्या पोराचा पाय गेला आहे, बघ तिकडे." तिनं हनुवटीनं दाखवलं. "आता सांग."

बाईनं दाखवलेल्या दिशेला पाहिलं. मग पदराआडून काढावं तसं कमरेच्या गाठीतून एक पाकीट काढलं.

सुलिया खोपीतून हे ऐकत होती. तिनं दूध-साखरेशिवायच कोको उकळला, मग साखर घातली, मग ओतून दिला आणि दुसरा केला. का ते तिलाही कळलं नाही. एका हातात मग आणि दुसऱ्या हाताच्या उघड्या तळव्यावर डॉक्टरांनी दिलेली सकाळची गोळी, अख्खी, असं घेऊन ती पुढे आली.

रेडिओवर होड्या सुटल्या होत्या. बोलणारा इतक्या वेगानं बोलत होता की नावंच कळत नव्हती. फिलेमोनीनं तळव्यावरची गोळी उचलली, उजेडात धरली, पाण्याबरोबर गिळली. मगाकडे त्यानं पाहिलं.

"तू पी आधी," तो म्हणाला. रेडिओचा आवाज कमी न करता.

तिनं एक घोट घेतला.

"सगळा."

ती चौथऱ्याच्या कडेला बसली आणि प्यायली. गरम होता, घसा पोळत होता, थांबली नाही. शेवटचा चोथा जिभेवर खरखरला, तोही गिळला आणि तो मग त्याच्याकडे तिरपा करून दाखवला, रिकामा. त्यानं नीट पाहिलं. गावाची होडी पाचवी आली असं रेडिओ सांगत होता. पुढच्या जोडीत उजव्या बाजूला कोण बसलं होतं, ते रेडिओनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. त्याची मान रेडिओकडे होती, डोळे पट्टी बांधलेल्या पावलावर.

सुलिया रिकामा मग धुवायला उठली. खोपीशी पोचली तेव्हा मागून हाक आली.

"सुलिया."

ती वळली.

"मलाही कर थोडा. साखर नको टाकूस." तो जरा थांबला. "कडू असेल तर मला कळलं पाहिजे."

तिनं चुलीवर पाणी ठेवलं. खोपीची पुढची बाजू उघडी होती. तिथून तो तिला दिसत होता, आणि त्याला ती. ती दोन पावलं सरकून अशी उभी राहिली की तिचे दोन्ही हात त्याला दिसावेत.